फणसोंबा आणि त्याचे गोत्र
(मंडळाच्या २०२५ च्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास केलेले भाषण)



या जागेवरून आपण पापड-कुरडयांवर, विणकामावर, मुलांच्या आहारावर पुष्कळ ऐकले आहे. मी आज बुरशीवर बोलणार असे कळल्यावर दोघीतिघींनी नाके मुरडली, ती मी पाहिली. पण ही लोणच्यावर धरणारी बुरशी नव्हे. हिला आपण कोकणातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. फक्त ती बुरशी आहे हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या आज्यांच्या गुटीच्या डब्यात वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांच्या शेजारी एक तपकिरी, लाकडासारखा कठीण तुकडा असे. मूल फार लाळ गाळू लागले, हिरड्या हुळहुळल्या, तोंड आले, की तो तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळून बोटाने हिरड्यांना लावीत. तोच फणसोंबा. पुष्कळ जणींची अशी समजूत आहे की बाभळीला जसा डिंक येतो तसा फणसाला फणसोंबा येतो, म्हणजे तो झाडाचाच काही तरी अर्क आहे. तसे मुळीच नाही. फणसोंबा हे अळंबे आहे. पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री दोन दिवसांत विरघळून जाते, हे मात्र वर्षानुवर्षे झाडाला चिकटून राहते. आणि झाडाने दिलेली ही देणगी नसून झाडाला झालेल्या रोगाची ती खूण आहे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा माझा भाचा सुटीत आला होता, त्याने मला हे प्रथम समजावून दिले व वाचायलाही आणून दिले. त्यातली लॅटिन नावे मी येथे फारशी घेणार नाही. एक मात्र सांगते. या गोत्राचे नाव हायमेनोकीटेसी. डोंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४८ साली हे कुल बांधले. नावाचा अर्थ पडदा आणि केस असा आहे, कारण यातल्या कित्येक जातींच्या अंगात सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता तपकिरी राठ केस दिसतात. आपला फणसोंबा या गोत्रातल्या फेलिनस नावाच्या शाखेचा. फेलिनस म्हणजे बुचासारखा. नाव ठेवणाऱ्याने बरोबर पारखले होते, फणसोंबा तोडून पाहिला तर आतला गर बुचाच्याच रंगाचा असतो. या कुलाची ओळख पटवण्याची शास्त्रज्ञांची एक युक्ती मला फार आवडली. तपकिरी गरावर कॉस्टिक पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकतात, की तो तिथल्या तिथे काळा पडतो. (हे घरी कोणी करू नये, कॉस्टिकने हात भाजतात.)

फणसोंबा झाडावर पाहिला तर घोड्याच्या खुरासारखा किंवा भिंतीत बसवलेल्या फळीसारखा दिसतो. वरची बाजू काळपट, भेगाळलेली, कधी कधी शेवाळलेलीसुद्धा. खालची बाजू मऊ तपकिरी, आणि नीट पाहिल्यास तिच्यावर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे दिसतात. या छिद्रांतून त्याचे बीज बाहेर पडते. ते इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाही आणि वाऱ्यावर कोठच्या कोठे जाते. दरवर्षी खालच्या अंगाला छिद्रांचा नवा थर चढतो. म्हणून जुना फणसोंबा उभा कापला तर आत थरावर थर दिसतात. आपण तो औषधासाठी काढून आणतो आणि म्हणतो, झाड मोकळे झाले. भगिनींनो, आंबा तोडल्याने आंब्याचे झाड मरत नाही, तसेच हे आहे. बाहेर दिसते ते बुरशीचे फळ. खरी बुरशी लाकडाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंनी पसरलेली असते, आणि बाहेर फळ दिसू लागते तेव्हा आत ती कित्येक वर्षे राहिलेली असते.

आता ती आत करते काय? लाकूड हे मुख्यत: दोन वस्तूंचे असते असे समजा. एक सेल्युलोज, ते सुतासारखे. दुसरे लिग्निन, ते खळीसारखे. खळ दिलेले लुगडे जसे ताठ उभे राहते तसे लिग्निनमुळे लाकूड ताठ राहते. लिग्निन पचवणे मोठे कठीण. गाई-म्हशींना ते साधत नाही. ज्या थोड्या जीवांना साधते त्यांत या बुरशी येतात. त्या आपल्या अंगातून रस सोडून लाकूड बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. आपण आधी जेवतो व मग पचवतो, त्यांचे उलट आहे. या कुलातल्या बुरशी सूतही खातात आणि खळही खातात. त्यामुळे कुजलेले लाकूड पांढुरके, हलके, तंतुमय होते आणि दाबले तर स्पंजासारखे दबते. याला पांढरी कुज म्हणतात. दुसरी एक तपकिरी कुज असते. ती करणाऱ्या बुरशी निराळ्या. त्या सूत खाऊन खळ मागे ठेवतात, म्हणून ते लाकूड कोळशासारखे चौकोनी तुकड्यांनी फुटते. घरातल्या ओल धरलेल्या तुळईवर हा फरक ओळखता येतो. वाळवीला उगाच दोष देण्याआधी पाहून घ्यावे.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. झाडाचा जिवंतपणा सालीच्या आतल्या थरात आणि त्यालगतच्या कोवळ्या लाकडात असतो. मधला गाभा हे जुने, निवृत्त झालेले लाकूड, ते झाडाला फक्त उभे धरते. फणसोंबा बहुधा हाच गाभा खातो. त्यामुळे झाडाला पाणी चढत राहते, पाने हिरवीगार असतात, कुयऱ्या लागतात, फणस पिकतात, आणि आत मात्र पोकळ होत जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आपल्या खालच्या आळीत गोठ्यावर जो फणस आडवा झाला, तो सर्वांना आठवत असेल. अंगावर शेकडा फळ होते. सगळे म्हणाले, एवढे निरोगी झाड वाऱ्याने पाडले. पण दुसऱ्या दिवशी करवत लागली तेव्हा बुंध्यात दोन पोरे बसतील एवढी ढोली निघाली. वारा निमित्तमात्र होता.

आणि ही कुज आत शिरते कोठून? सालीला जखम झाल्याशिवाय तिला सहसा वाट मिळत नाही. वादळात मोडलेली फांदी, कोयत्याचा घाव, कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी ठोकलेला खिळा, पाइपाच्या चरासाठी तोडलेले मूळ, ही सगळी तिची दारे. फणसाला फळ धरत नाही म्हणून बुंध्यावर कोयत्याने घाव घालण्याची रीत काही घरांत आहे, ती तर मला पहिल्यापासून आवडत नाही. वादळाला आता पाच वर्षे होत आली. त्या वेळी मोडक्या राहिलेल्या फांद्यांच्या जागी आता फणसोंबे दिसू लागले आहेत. माझ्या घरापासून नदीपर्यंत चालत जाताना मी सात झाडांवर मोजले.

झाडही अगदी स्वस्थ बसत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून आत पाहिली आणि १९७७ साली असे मांडले की झाड जखम भरून काढत नाही, तर जखमेभोवती आतून भिंती घालते. कुजका भाग कोंडून ठेवते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. ज्या घरात एक खोली गळते ती बंद करून बाकीच्या घरात राहावे, तसे. यावरून त्यांनी छाटणीची जी रीत सांगितली ती आपल्या गड्यांना सांगण्याजोगी आहे. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे फुगीर कडे असते. ते कडे राखून त्याच्या बाहेरून छाटावे. बुंध्याशी सपाट तासले तर झाडाची भिंत घालण्याची जागाच जाते, आणि हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. जखमेवर डांबर फासण्याची आपली जी पद्धत आहे तिने कुज थांबत नाही, असेही त्यांना आढळले. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्यावा, नाही तर ती पडताना खालची साल ओरबाडून नेते.

आता औषधाबद्दल, कारण मला प्रश्न तोच जास्त विचारला जातो. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी १९९३ साली लोकांच्या औषधांतील बुरशींवर लेख लिहिला, त्यात आपल्या फणसोंब्याची नोंद आहे. शास्त्रज्ञांनी पाहिले तेव्हा आपण ज्याला एक वस्तू समजतो त्या फेलिनसच्या अनेक जाती निघाल्या. म्हणजे आजीच्या डब्यातला तुकडा आणि आज बाजारात कोणी आणून दिलेला तुकडा एकच असेल, असे समजण्यास आधार नाही. झाडही फणसाचेच असेल याची खात्री नाही. मी या वस्तूची टिंगल करीत नाही. कोरियात याच गोत्रातले तुतीवर येणारे अळंबे औषध म्हणून मोलाने विकले जाते. रशियात भूर्जवृक्षावर येणारे काळे चागा याच गोत्रातले, त्याचा चहा करून पितात. परंतु तान्ह्या मुलाच्या तोंडात घालायची वस्तू म्हणजे डॉक्टरांना दाखवून मगच. माझे तरी मत असे आहे की डब्यातला तुकडा आठवण म्हणून ठेवावा आणि सहाण चंदनासाठी वापरावी. काही वडीलधाऱ्या बायांना हे पटणार नाही. त्यांच्याशी मी नंतर फराळाच्या वेळी बोलेन.

याच्या एका भावंडाची हकीकत मला तंबाखूमुळे लक्षात राहिली. अलास्कातील युपिक लोक फेलिनसची एक जात जाळून तिची राख तंबाखूत मिसळतात व चघळतात. राखेमुळे तंबाखूचे विष रक्तात लवकर भिनते. आपल्याकडे चुना लावतात तो त्यासाठीच. इतक्या दूरच्या, बर्फातल्या बायकांची आणि आपल्यातल्या काही जणींची खोड एकच निघावी, याचे मला नवल वाटले. नावे घेत नाही.

आणखी एक भावंड चीनमधले. हैनान बेटावरच्या जंगलात २०१० साली एका पडलेल्या झाडाच्या खालच्या अंगाला या कुलातले एक अळंबे सापडले. ते १० मीटर ८५ सेंटीमीटर लांब होते, म्हणजे पस्तीस फुटांहून जास्त, आणि वजन ४०० ते ५०० किलो असावे असा अंदाज केला. वय साधारण वीस वर्षांचे. त्यापूर्वी एवढे मोठे अळंबे कोणी नोंदवलेले नव्हते. आपले मंडळाचे सभागृह भिंतीपासून भिंतीपर्यंत तीस फूट आहे, यावरून कल्पना करावी.

इतके ऐकून कोणाला वाटेल की या बुरशी म्हणजे निव्वळ शत्रू. रानात तसे नाही. त्या नसत्या तर पडलेल्या झाडांचे ओंडके रानात साचून राहिले असते, मातीला काही परत मिळाले नसते. धनेश पक्षी स्वत: ढोली कोरू शकत नाही. जुन्या झाडाचा गाभा कुजून जी ढोली होते तिच्यातच मादी स्वत:ला कोंडून घेऊन अंडी घालते. तांबट पक्षी कोरतो, पण तोही मऊ झालेली वाळकी फांदी निवडतो. रानातला फणस पोकळ झाला तर होऊ द्यावा. प्रश्न येतो तो माणसांच्या डोक्यावरच्या झाडाचा.

आणि गोत्रातला एक भाऊ खरोखरच दुष्ट आहे. फेलिनस नॉक्सियस असे त्याचे नाव बरीच वर्षे चालले. ई. जे. एच. कॉर्नर या शास्त्रज्ञाने १९३२ साली सिंगापूरहून त्याचे वर्णन केले. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याचे नावही बदलले. तो गाभ्यावर समाधान मानीत नाही, मुळेच खातो. चहा, रबर, कोको यांच्या मळ्यांत त्याचा फार उपद्रव. तैवान, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रस्त्यावरची व बागेतली मोठमोठी झाडे त्याने मारली आहेत. मातीखाली एका झाडाचे मूळ दुसऱ्याच्या मुळाला टेकले की त्या वाटेने तो पुढे जातो. बुंध्याच्या तळाशी माती व खडे चिकटलेला तपकिरी कवचासारखा थर पायमोज्यासारखा चढतो, ही त्याची खूण. अशा झाडाचा बुंधा कापून भागत नाही. मुळ्या आत राहिल्या तर वर्षानुवर्षे रोग राहतो, म्हणून त्या खणून काढाव्या लागतात. माडवाल्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की माडाच्या बुडातून तांबूस रस गळू लागला आणि तिथे चकचकीत अळंबे आले, तर ते या कुलातले नव्हे, गॅनोडर्मा म्हणून दुसरे आहे. पण तेही मुळेच खाते. माडाला जखमेभोवती नवे लाकूड घालता येत नाही, तेव्हा कृषी खात्याच्या माणसाला लवकर बोलवावे.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ते बोलते. आपल्या आवारातला फणस पहिल्या अध्यक्षीणबाईंनी स्वत:च्या हाताने लावला. त्याच्या सावलीत आपली बालवाडी बसते. पूर्वेकडच्या फांदीवर दोन फणसोंबे आहेत, ते सर्वांनी पाहिले. त्यांची मला तितकी काळजी नाही, ती फांदी उतरवता येईल. पण अंगणात सिमेंट घालताना बुंध्याला चिकटून घातले गेले, पाइपासाठी दोन जाड मुळ्या तोडल्या गेल्या, आणि त्याच बाजूला जमिनीलगत, फुलांच्या कुंड्यांमागे, वीतभर रुंद फणसोंबा आला आहे. तो गेल्या महिन्यात कुंड्या हलवताना दिसला. फांदीवरचा फणसोंबा आणि मुळाशी आलेला फणसोंबा यांत सर्दी आणि क्षयाइतके अंतर आहे.

मी माठ घेताना टिचकी मारतो तशी लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूकडून ठोकून पाहिले. पश्चिमेस आवाज भरीव येतो. सिमेंटच्या बाजूस गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत डब्यासारखा पोकळ येतो. वृक्षतज्ज्ञ एक ढोबळ हिशेब सांगतात की पोकळ बुंध्याची निरोगी भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ झाली तर धोका समजावा. बुंधा दोन हात रुंद असेल तर त्रिज्या अठरा इंच, म्हणजे भिंत सहा इंच तरी हवी. पण हा हिशेब खोडाचा झाला, मुळे कुजली असतील तर त्याचा उपयोग नाही.

आपल्यात दोन पक्ष पडले आहेत हे मला ठाऊक आहे. काही म्हणतात, उद्याच कापा. काही म्हणतात, बाईंच्या हातचे झाड, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या पक्षाला सांगते की शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या पक्षाला मी इतकेच विचारते की त्या झाडाखाली बत्तीस मुले बसतात, ती कोणाच्या हातची? बाई स्वत: शिक्षिका होत्या. त्यांनी झाड आधी पाहिले असते की मुले, हे त्यांना ओळखणाऱ्या येथे बसल्या आहेत त्यांनी सांगावे.

माझी सूचना अशी. परवापासून बालवाडी सभागृहात भरवावी, मग झाडाचे काही का होईना. वृक्ष अधिकाऱ्यांकडे पाहणीचा अर्ज याच आठवड्यात द्यावा. सिमेंट बुंध्यापासून चार हात फोडून मुळे पाहावीत. मुळे बरी निघाली तर पूर्वेचा भार कमी करून झाड राखू, आणि मला त्याचा सर्वांत जास्त आनंद होईल. नाही निघाली तर मृगाच्या आधी उतरवू. ज्यांच्या परसात असा जमिनीलगतचा फणसोंबा असेल त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, म्हणजे अधिकारी येतील तेव्हा एका फेरीत सगळी झाडे दाखवता येतील. हातोडी माझ्याकडे आहे.

(स्मरणिकेसाठी पुरवणी : भाषणानंतर चौदा नावे आली. पाहणीत आवारातील फणसाच्या पूर्वेकडच्या चार मुळ्यांपैकी तीन कुजलेल्या निघाल्या. परवानगी मिळाल्यावर वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात झाड उतरवले. तळाशी सिमेंटच्या बाजूची भिंत चार बोटे उरली होती. मुळ्या खणून काढल्या असून त्या खड्ड्यात सध्या काही लावलेले नाही. वरचे लाकूड निरोगी होते, त्याचे मंडळासाठी अठरा पाट झाले. चौदा झाडांपैकी अकरांना फक्त छाटणी पुरली.)